फेरीबोटीत पाय ठेवला की देव आठवतो, पण भीती काही जात नाही

चोडणची_सून

जय ख्रिस्त. इथं गोव्यातले बरेच जण आहेत, काही माझ्यासारखे घाटावरून आलेलेही आहेत, म्हणून विचारते. हसू नका. हसलात तरी चालेल म्हणा, नवरा रोज हसतो.

मी मूळची पाथर्डी तालुक्यातली. आमच्याकडं पाणी म्हणजे टँकर, हंड्यांची रांग आणि विहिरीच्या तळाशी दिसणारं हिरवं वर्तुळ. नऊ वर्षांची असताना एका वर्षी पाऊस बरा झाला, विहीर भरली, आणि चुलत भावानं मला पोहायला शिकवायचं ठरवलं. पाठीला रिकामा डबा बांधला आणि दिलं सोडून. डबा सुटला. मी दोनदा खाली गेले. तिसऱ्यांदा जायच्या आत काकांनी वेणी धरून वर ओढलं. त्यानंतर विहिरीत मी कधी डोकावलेसुद्धा नाही, आणि पाथर्डीत राहून त्यावाचून काही अडलंही नाही.

मग लग्न होऊन आले ती चोडणला. बेटावर! स्थळ बघताना घरच्यांनी मुलगा बघितला, घर बघितलं, मुलगा कॅथलिक म्हणून दोन महिने चर्चा केली. मध्ये मांडवी आहे हे कोणी बोललंच नाही.

मी पणजीत एका खाजगी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सकाळी साडेसातला उपाशीपोटी शुगरवाल्यांची रांग लागते, त्याआधी पोचावं लागतं. म्हणजे रोज चोडण–रायबंदर फेरी, पुढं रायबंदरच्या पाट्यावरून (बांधाच्या रस्त्यानं) स्कूटर. पाण्यावरची वेळ दहा मिनिटंसुद्धा नसेल. पण ती साखळी खडखडते, पुढची फळी वर उचलली जाते आणि धक्क्याची कड सुटते, तिथून माझे कान बंद होतात. तोंड कोरडं पडतं. स्कूटरचं हँडल इतकं घट्ट धरते की पलीकडे उतरल्यावर बोटं सरळ व्हायला वेळ लागतो. मध्यावर गेली की बोट तिरकी होते. दर वेळी वाटतं, आता वाहून चालली. त्यात खनिजाची बार्ज जवळून गेली आणि लाट आली की संपलंच. 2025 च्या जुलैपासून नव्या रो-रो (गाड्या एका टोकानं चढून दुसऱ्या टोकानं उतरतात अशा) बोटी आल्या, मोठ्या आहेत, रुंद आहेत. भीतीला त्याचं काही नाही, ती पण ऐसपैस बसते आता.

एक गोष्ट घरी कोणाला माहीत नाही. पावसाळ्यात जोराचा पाऊस लागला की मी कामाचं कारण सांगून मैत्रिणीकडं पणजीतच मुक्काम करते. गेल्या पावसाळ्यात असे सात मुक्काम झाले.

देवाचं म्हणाल तर मी प्रार्थना करते. रोज करते. आमच्या मांय (सासूबाई) तेर्स (जपमाळेची प्रार्थना) करतात, माझ्यासाठी शाव्हियेर सायबाला, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरला, मेणबत्ती लावतात. 2024 च्या डिसेंबरात त्याच संताच्या शवदर्शनाला त्या मला जुन्या गोव्याला घेऊन गेल्या. मी प्रोटेस्टंट घरातली, संतांकडं मागायची सवय नाही, पण से कॅथेड्रलच्या रांगेत तीन तास उभी होते तेव्हा मीही मागितलं, ही भीती घे बाबा एकदाची. आणि भीती घे म्हणून मागायला गेले ती फेरीनंच, परत आले तीही फेरीनंच, हँडल धरून.

आता खरा प्रश्न. आमच्या प्रार्थना-संगतीत एक मोठ्या बाई आहेत. त्यांना हे सांगितलं तर म्हणाल्या, भीती म्हणजे अविश्वास. पूर्ण प्रीती भीतीला घालवून देते असं बायबलमधल्या योहानाच्या पत्रात लिहिलंय, तुझी जात नाही म्हणजे तुझ्या विश्वासातच खोट आहे. तेव्हापासून मला दोन भीत्या झाल्यात. एक पाण्याची, दुसरी ही.

माझा मुलगा जूनपासून पणजीच्या शाळेत जाणार, माझ्याबरोबर, रोज. परवा प्रवेशाच्या कामाला त्याला घेऊन गेले तर बोटीत म्हणाला, "मम्मी, तुझा हात ओला का?"

भीती वाटते म्हणजे विश्वास कमी आहे का? आणि नसेल, तर मग विश्वास नक्की करतो तरी काय?

दर्यावर्दी_नाही

पोहायला शिका. प्रश्न देवाचा नाही, तरंगण्याचा आहे.

सांकवाळकर

वरच्या भावाला सांगतो, मी मुरगाव बंदरात 31 वर्षं काढली आणि मला पोहता येत नाही. माझ्याबरोबरच्या निम्म्या लोकांना येत नव्हतं. तेव्हा उगाच फुशारकी नको.

गो बाय, तुझी बोट वाहून जात नाही. तिरकी होते ती चालवणारा मुद्दाम करतो. मांडवीला भरती-ओहोटी आहे, पाणी एका बाजूला ओढत असतं. नाक सरळ पलीकडच्या धक्क्यावर धरलं तर बोट धक्का सोडून खाली जाऊन लागेल. म्हणून तो नाक ओढीच्या विरुद्ध अंगाला वळवून ठेवतो आणि बोट खेकड्यासारखी आडवी सरकत बरोबर धक्क्याला येते. ओहोटीला नाक जुन्या गोव्याकडे, भरतीला पणजीकडे. उद्या बघ. तुला जे बिघडलं असं वाटतं ते नेमकं बरोबर चाललेलं असतं.

दुसरं, फळीजवळ उभी राहू नको. तिथं पाणी पायाखालून पळताना दिसतं, चांगल्या चांगल्यांना भोवळ येते. मधोमध थांब, नजर लांब ठेव, एखादा माड नाहीतर चर्चचा मनोरा धर. बार्ज गेली की लाट लगेच येत नाही, थोड्या वेळानं येते. ती मोजायला शिक. येणार हे ठाऊक असलं की अर्धी लाट कमी होते. आणि लाइफ जॅकेट कुठं ठेवलेली असतात ते विचारून ठेव. हवं तर घाल. लोक बघतील, बघू देत.

जॅकेट घातलं म्हणजे देवावर भरवसा नाही असं ती संगतीवाली बाई म्हणेल, तर तिला आमच्या संत जुझे वाझ सायबाचं सांग. माझं घर त्यांच्या सांकवाळच्या देवस्थानापासून हाकेच्या अंतरावर, म्हणून सांगायचा हक्क घेतो. बाणावलीला 1651 मध्ये जन्मले. 1687 मध्ये ते श्रीलंकेला गेले तेव्हा तिथं किनाऱ्यावर डचांचं राज्य, कॅथलिक पाद्र्याला बंदी. हा माणूस झगा घालून, क्रूस उंच धरून उतरला का? नाही. गरीब मजुराच्या वेषात जाफन्याला उतरला. रात्री गुपचूप मिस्सा (कॅथलिक उपासना), दिवसा लपणं. पुढं कँडीत पोर्तुगीजांचा हेर समजून पकडलं, कैदेत टाकलं. सुटल्यावरही तिथंच राहिले, आणि 1697 मध्ये कँडीत देवीची साथ आली, लोक आपल्या माणसांना टाकून पळाले, तेव्हा हे त्या रोग्यांना धूत-पुसत बसले. 2015 च्या जानेवारीत पोप फ्रान्सिसनी कोलंबोला त्यांना संत जाहीर केलं. वेष पालटला, लपले, म्हणून कोणी संतपद कापून घेतलं नाही.

मांयला 'देव बरें करूं' (देव भलं करो) सांग. मेणबत्ती चालू ठेवा.

रात्रपाळी

मी नर्स आहे, विश्वासाचं बोलणार नाही, ते बोलणारे आहेत. कान बंद होणं, तोंडाला कोरड, घाम, बोटं आखडणं, हे शरीराचं काम आहे. धोका वाटला की शरीर पळायची तयारी करतं आणि तुमच्या शरीरानं पाणी म्हणजे धोका हे नवव्या वर्षीच पाठ केलंय. ते पुसायला त्याला उलटा अनुभव पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. भीतीची लाट काही मिनिटांत टोकाला जाते आणि आपण तिथंच थांबलो तर आपोआप उतरते. पळालो की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण पुढच्या वेळी ती आणखी मोठी येते. तुमचे ते सात मुक्काम म्हणजे हेच. रागावत नाही, सांगतेय.

रविवारी दुपारी गर्दी नसताना नवऱ्याला घेऊन नुसतं या-जा करा. काम नाही, घाई नाही, स्कूटर नाही. पलीकडे चहा घ्या, परत या, पुन्हा जा. श्वास सोडताना घेण्यापेक्षा लांब सोडा. आणि लॅबमध्येच आहात तर एकदा थायरॉईड करून घ्या, तो वाढलेला असला तरी छाती धडधडते. एवढं करून नाहीच जमलं तर बांबोळीला आयपीएचबीची (सरकारी मानसोपचार रुग्णालयाची) ओपीडी आहे, तिथं जायला लाज कसली? मनातलं नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर दिवस-रात्र चालू असतो.

नवऱ्याला त्या मुक्कामांचं सांगा मात्र.

माशेलची_मावशी

मी ख्रिस्ती नाही, पण चोडणचं नाव वाचलं आणि राहवलं नाही. आमचा देवकीकृष्ण मूळचा तुमच्या चोडणचा. पोर्तुगीजांच्या काळात तिथून मयेला नेला, मग माशेलला आला. म्हणजे देवालासुद्धा त्या पाण्यावरून होडीतून जावं लागलं असणार, आणि रो-रो तेव्हा नव्हती! नेणाऱ्यांचे हात कोरडे असतील असं मला नाही वाटत.

बाकी, पोराला खरं सांग. मुलांना कळतं.

निवृत्त_पाळक

बहीण, सोलापूर आणि नगर भागात मी पाळक म्हणून आयुष्य काढलं, आता मुलाकडं मडगावला असतो. तुमच्या भागातल्या विहिरी मला ठाऊक आहेत. त्यातल्या एकीतून दोघांना काढताना मी काठावर उभा होतो. तेव्हा तुमची भीती मला अजिबात लहान वाटत नाही.

आधी त्या वचनाचं बघू, कारण तेच काट्यासारखं रुतलंय. योहानाच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय काढा आणि अठरावं वचन वाचण्याआधी सतरावं वाचा. विषय न्यायाच्या दिवसाचा आहे. देव मला शिक्षा करील, मला टाकून देईल, ही जी भीती आहे ती प्रीती घालवते असं योहान सांगतो. भीतीत शिक्षेचा धाक असतो हे तो त्याच वचनात लिहितो. चोडणच्या फेरीचा तिथं काही संबंध नाही. गंमत अशी की त्या बाईंनी ते वचन वापरून नेमकी तीच भीती तुमच्यात घातली, जी घालवायला ते लिहिलं होतं. त्यांचा हेतू वाईट नसेल. वचनं अर्धी पाठ असली की असं होतं. माझंही झालेलं आहे, व्यासपीठावरून.

तसंच ते 'भिऊ नको' बायबलमध्ये 365 वेळा आहे, रोज एक, हे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतं. मोजून पाहा, तेवढे भरत नाहीत. आणि ज्यांना ज्यांना 'भिऊ नको' म्हटलंय ते सगळे त्या क्षणी भ्यालेलेच होते. न भ्यालेल्याला कोण कशाला सांगेल?

आता येशूचा शिष्य पेत्र, त्याच्याकडं या. मत्तय, चौदावा अध्याय. हा कोळी माणूस, पाण्यावर जन्म गेलेला. वारा पाहिला, भ्याला, बुडू लागला, ओरडला. येशूनं 'अल्पविश्वासी' म्हटलं हे सगळ्यांना आठवतं. पण क्रम बघा. लगेच हात पुढं करून त्याला धरलं, आणि मग म्हटलं. मार्काच्या चौथ्या अध्यायातही तेच, मचव्यात पाणी भरतंय, येशू उशी घेऊन झोपलाय, शिष्य त्याला जवळजवळ खडसावून उठवतात, आम्ही मेलो तरी तुला काही नाही का? तो आधी वारा थांबवतो, मग विचारतो का भ्यालात. असली उद्धट, घाबरलेली प्रार्थनासुद्धा ऐकली गेली. आणि गेथशेमाने बागेत तो स्वतः किती व्याकूळ झाला ते लूकनं लिहिलंय, घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. त्याच्या विश्वासात खोट होती असं म्हणायची माझी तरी छाती नाही.

तुमचा दुसरा प्रश्न जास्त चांगला आहे, विश्वास करतो तरी काय. त्याचं उत्तर तुमच्याकडं माझ्यापेक्षा जास्त असावं. मी रक्त द्यायला गेलो की तोंड फिरवतो, डोळे मिटतो, बायको हसते. असे किती लोक तुमच्यासमोर रोज बसत असतील. जो थरथरतो पण हात पुढं करतो, त्याचा तुमच्यावर विश्वास नाही असं तुम्ही म्हणता का?

चोडणची_सून

लिहायला तीन आठवडे लागले, माफ करा. शाळा सुरू झाली, पाऊस सुरू झाला.

पाळकसाहेब, तुमचं शेवटचं वाक्य वाचलं तेव्हा मी लॅबमध्येच होते, दोन नमुन्यांच्या मधे मोबाईल बघत. खरं सांगते, चिडले. वाटलं, आता माझ्याच कामाचा दृष्टांत मलाच देताय. मोबाईल ठेवला आणि पुढचा नंबर पुकारला.

आले एक आजोबा, मुलीबरोबर. डायबेटिसचे जुने, म्हणजे शंभर वेळा सुई टोचून घेतलेले. तरी बसल्या बसल्या हनुवटी थरथरत होती. मुलगी म्हणाली, "पप्पा, घाबरायचं काय त्यात?" मीसुद्धा तेच म्हणते रोज, मुंगी चावल्यासारखं वाटेल, घाबरू नका. बारा वर्षं म्हणतेय. त्या दिवशी शब्द तोंडातच राहिले. कारण मला ठाऊक आहे ना, त्यानं कोणाचीच भीती गेलेली नाही. मी रबरी पट्टा बांधला, कोपराच्या खळगीत शीर चाचपली. म्हातारी शीर, बोटाखालून निसटते. आजोबा पूर्ण तोंड फिरवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते, आणि हात मात्र माझ्यासमोर सरळ, तळवा वर, मूठ आपणहून घट्ट वळलेली. नंतर म्हणाले, "झालं?" ट्यूब भरून झाली होती.

एवढंच झालं. मी काही रडले-बिडले नाही. पण दिवसभर त्या टेबलावर येणारे हातच बघत होते. सत्तावीस आले. एकानंही मागं घेतला नाही. एका कॉलेजच्या मुलाला चक्कर आली, त्याला आडवं केलं, पाय उंच केले, उठल्यावर तो मलाच 'सॉरी' म्हणाला. सॉरी कसलं, हात तर दिला होतास बाबा, असं म्हणाले त्याला.

सांकवाळकर काका, बोट ओहोटीला जुन्या गोव्याकडं नाक करते. बघितलं. पहिल्या दिवशी बघायचं धाडस झालं नाही, दुसऱ्या दिवशी बघितलं. इतकी वर्षं मी जी वाहून चाललेली बोट समजत होते ती चालवणाऱ्याची हुशारी निघाली, म्हणजे त्या माणसावर इतकी वर्षं मनातल्या मनात आरोपच करत होते म्हणायचं. जॅकेट अजून घातलं नाही. कुठं असतं ते विचारलं.

रात्रपाळी ताई, दोन रविवार नवऱ्याबरोबर या-जा केली. पहिल्या रविवारी चार फेऱ्या, तिसरीत कान उघडे राहिले. दुसऱ्या रविवारी परत बंद. थायरॉईड नॉर्मल आहे. मुक्कामांचं नवऱ्याला सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "मला वाटलेलं, आमचं घर तुला आवडत नाही." त्यावर आम्ही बराच वेळ बोलत बसलो, ते इथं लिहीत नाही.

मांयला त्या योहानाच्या वचनाचं सांगितलं. त्यांना वाद कळला नाही, म्हणाल्या, "भियेनाका गो, भियेल्यार लेगीत वच." म्हणजे भिऊ नको, आणि भ्यालीस तरी जा. पाळकसाहेबांनी दोन अध्याय घेतले त्याला. (राग मानू नका!) संगतीवाल्या बाईंना काही बोलले नाही. अजून धीर होत नाही, ती तिसरी भीती धरा.

प्रार्थना बदलली थोडी. आधी 'भीती घे' म्हणायचे, धक्का सुटल्यापासून पलीकडं लागेपर्यंत, तेच तेच, आणि सगळं लक्ष भीती गेली का हेच बघण्यात जायचं. आता साखळी खडखडली की एकदाच म्हणते, "हा घे हात." मग माड बघते.

काल सकाळी पाऊस जोराचा होता. आधीचा दिवस असता तर मी मैत्रिणीकडं असते. पोरगं रेनकोटात, दप्तर प्लास्टिकमध्ये, आम्ही मधोमध उभे. बार्ज गेली. मी त्याला म्हटलं, लाट लगेच नाही येणार, मोज. त्यानं मोठ्यानं मोजायला सुरुवात केली, शेजारचे दोघं-तिघं बघायला लागले. एकोणीसला आली. बोट हलली, मी त्याचा हात करकचून धरला.

"मम्मी, ओलाय."

"हो रे, भीती वाटतेय मला."

त्यानं हात सोडवून घेतला, हाफपँटीला पुसला आणि परत माझ्या हातात दिला.